खुर्ची मालकांच्या मुलाला, मग गुणवत्तेचं काय?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

या वाचक छत्तीस वर्षांच्या, मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या. मराठी शाळा, मग शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागल्या, त्याला अकरा वर्षं झाली. कारखाना मोटारींचे सुटे भाग बनवतो आणि एकाच कुटुंबाच्या मालकीचा आहे. क्वालिटी विभागाचा सगळा भार आज त्यांच्यावर आहे. विभागप्रमुख निवृत्त झाले की ती जागा तुमचीच, असं मालकांनी दोन-तीनदा बोलून दाखवलं होतं. प्रत्यक्षात परदेशातून एमबीए करून आलेला मालकांचा सव्वीस वर्षांचा मुलगा ऑपरेशन्सचा डायरेक्टर झाला, क्वालिटी विभागही त्याच्याकडे गेला, आणि प्रमुखाची जागा भरलीच नाही. "त्याला तयार करायचं काम तुमचंच. तुम्ही तर घरच्याच," असं मालक म्हणाले.

त्या लिहितात : "मी जे मिळवलं ते फक्त गुणवत्तेवर, कोणाच्या कृपेवर नाही. आमच्या कॅन्टीनमध्ये 'इथे मान फक्त गुणवत्तेला' असा फलक आहे. तो बघितला की घास घशाखाली उतरत नाही. राहावं, दुसरीकडे जावं, की एका जुन्या सहकाऱ्याबरोबर कॅलिब्रेशनची (मापनयंत्रांची अचूकता तपासून देणारी) लॅब काढावी, काही सुचत नाही. भावाची मुलगी बारावीत आहे. तिला 'शिक, मोठी होशील' असं सांगायला जीभ रेटत नाही. भांडवलशाहीत खऱ्या गुणवत्तेचं राज्य कधी येऊ शकतं का, की गरिबाघरच्या पोरांना राबवून घ्यायला रचलेलं ते थोतांड आहे?"

उत्तर

तुमचा राग रास्त आहे. रिजेक्शन, म्हणजे नाकारल्या जाणाऱ्या मालाचं प्रमाण, वाढलं की कस्टमरच्या गेटवर जाऊन रात्रभर माल सॉर्ट करणारी व्यक्ती तुम्ही, ऑडिटला उभी राहणारीही तुम्हीच, आणि निर्णय दुसऱ्याच्या सहीनं. हे सलणारच. त्यातही शब्द दिला आणि पाळला नाही, याचं दुःख वेगळं. ते मालकांना तोंडावर सांगायला हवं, आणि कसं, तेही पुढे लिहिते. त्याआधी तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे येते, कारण त्याचं उत्तर चुकीचं धरलंत तर नोकरीचा निर्णयही चुकेल.

मालकांच्या मुलानं तुमच्याशी स्पर्धा केलीच नाही. त्याची खुर्ची ही भरायची जागा नव्हतीच, ती मिळकत होती. भांडवलशाही दोन पायांवर उभी आहे, एक स्पर्धा आणि दुसरा मालकी. शाळेत, कॉलेजात, कॅम्पस मुलाखतीत आपल्याला फक्त पहिला पाय दाखवतात. दुसरा दिसतो तो असा, अकरा वर्षांनी. मालकी वारशानं जाते, आणि वारसा कोणाच्या पोटी जन्मलो यावर ठरतो. आपल्या देशात १९५३ पासून मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर संपदा शुल्क होतं, ते १९८५ मध्ये रद्द झालं. तेव्हापासून बापाचा कारखाना मुलाकडे जाताना सरकार वारसा म्हणून काहीच कर घेत नाही. जपानसारख्या पक्क्या भांडवलशाही देशात मोठ्या वारशावरचा कर ५५ टक्क्यांपर्यंत जातो. विषमतेचा अभ्यास करणाऱ्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये भारतातल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांकडे देशाची सुमारे ४० टक्के संपत्ती होती. एवढी संपत्ती जन्मानं हस्तांतरित होत असताना प्रत्येक पिढीची शर्यत एकाच रेषेवरून सुरू होते, असं कोणी कसं म्हणावं?

बरं, वारसा बाजूला ठेवू. समजा, उद्या सगळ्यांना सारखं भांडवल दिलं. तरी बाजार गुणवत्तेला पैसे देतो का? फ्रीडरिश हायेक हे मुक्त बाजाराचे विसाव्या शतकातले सर्वांत कडवे पुरस्कर्ते, १९७४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं होतं की बाजार माणसाच्या लायकीचा वा कष्टाचा मोबदला देत नाही; त्याच्या कामाचं दुसऱ्यांना त्या घडीला जे मोल वाटतं, तेवढंच देतो. आणि याला गुणवत्तेचा न्याय म्हणू नये, असंही त्यांनी बजावलं होतं. बाजाराचा इतका मोठा वकील हे मान्य करतो, तर आपण का चाचरावं?

तुमच्याच धंद्यातलं पाहा. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारी बीएस-सहा मानकं लागू झाली आणि इंधनाचं इंजेक्शन, धुराचं शुद्धीकरण यातलं कळणाऱ्या इंजिनिअरांचा भाव वधारला. ती माणसं एका रात्रीत जास्त हुशार झाली नव्हती. आता विजेवरच्या गाड्या वाढताहेत. त्यांना इंजिन नाही, सायलेन्सर नाही. वीस वर्षं पिस्टन रिंगमध्ये मुरलेला माणूस उद्या मागे पडला, तर त्याच्या हातातलं कसब कमी झालं म्हणून नव्हे. पगाराचा आकडा म्हणजे तुमच्या लायकीवरचा निकाल, हे मनातून काढून टाका. चढतानाही आणि उतरतानाही.

तेव्हा माझं उत्तर सरळ आहे : ज्या समाजात भांडवल जन्मानं मिळतं आणि मोबदला मागणीवर ठरतो, तिथे संपूर्ण गुणवत्तेचं राज्य येणार नाही. आणि ते आलंच, तर मला त्याची थोडी भीतीही वाटते. अशा समाजात खाली राहिलेल्याला म्हणता येईल, 'तुला संधी होती, तूच नालायक.' तुमच्या लाइनवर बारा तास उभं राहणाऱ्या कंत्राटी मुलाला हे ऐकवावं असं तुम्हाला वाटतं का? त्याला पोटभर पगार आणि सुरक्षित काम मिळायला हवं. ते तो किती हुशार आहे यावर अवलंबून असता कामा नये.

पण म्हणून 'सगळं थोतांड' या टोकाला जाऊ नका. पूर्ण न्याय अशक्य असला तरी कमी अन्याय शक्य असतो, आणि आपल्या महाराष्ट्राइतका याचा पुरावा क्वचितच कुठे सापडेल. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली म्हणून भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोचू शकले. बुद्धी त्यांचीच होती. अभ्यासही त्यांचाच, आणि तो अफाट होता. पण दार उघडलं नसतं तर ती बुद्धी जगाला दिसलीच नसती. पुढचंही लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९१७ मध्ये ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा एवढं शिक्षण पदरी असून त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं गेलं. परीक्षेत सिद्ध झालेली गुणवत्ता समाजानं नाकारली. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्या काय गुणवत्तेचा द्वेष होता म्हणून? ज्यांची गुणवत्ता दारातच अडवली जात होती, त्यांना आत घ्यायचं होतं. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या खटल्यात हेच मांडलं : परीक्षेतले गुण म्हणजे सगळी गुणवत्ता नव्हे, आणि आरक्षण गुणवत्तेच्या विरोधात नाही. आरक्षणाचा विषय निघाला की गुणवत्तेच्या नावानं तळमळणारी पुष्कळ माणसं मॅनेजमेंट कोटा आणि मालकांचे मुलगे-जावई यांच्याबद्दल गप्प असतात. मला ते गप्प राहणं फार खटकतं.

आता तुमच्या एका वाक्याशी थांबते. 'मी जे मिळवलं ते फक्त गुणवत्तेवर, कोणाच्या कृपेवर नाही.' कष्ट तुमचे आहेतच, त्यातलं तसूभर कमी करायचं नाही. पण शासकीय महाविद्यालयाची फी खासगी कॉलेजच्या मानानं नाममात्र असते, ती लोकांच्या करातून भरून निघते म्हणून. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे हाच मुद्दा ठेवला होता : सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. त्यांच्यासारख्यांच्या भांडणामुळे ते पैसे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरापर्यंत पोचले. अभियांत्रिकीच्या प्रवेशात महाराष्ट्रात मुलींसाठी ३० टक्के जागा असतात, तुमच्या वर्गात मुली दिसल्या त्यात त्या जागांचाही वाटा होता. आणि पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की भावानं बारावीनंतर शिक्षण सोडून ऊस सांभाळला. तो सांभाळला म्हणून तुम्ही वसतिगृहात निर्धास्त राहू शकलात. ही कृपा नव्हती. हा हक्क होता, आणि घरच्यांचा त्यागही. 'मी एकटीनं केलं' असं म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप येतं, 'मग बाकीच्यांना का जमत नाही?' ते वाक्य तुमच्या तोंडी शोभणार नाही. तुमच्या पत्रावरून तुम्ही तशा नाहीच.

कॅन्टीनमधल्या फलकाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१० मध्ये एमिलिओ कॅस्टिला आणि स्टीफन बेनार्ड या दोन अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यवस्थापनाचा अनुभव असलेल्यांना सारखीच कामगिरी असलेल्या स्त्री-पुरुषांमध्ये बोनस वाटायला सांगितला. 'आमची कंपनी गुणवत्तेवर चालते' असं ज्यांना ठासून सांगितलं होतं, त्यांनी पुरुषांना जास्त बोनस दिला. ज्यांना तसं सांगितलं नव्हतं, त्यांच्यात असा कल दिसला नाही. कारण बहुधा असं, की आपण न्यायीच आहोत अशी एकदा खात्री पटली की माणूस स्वतःकडे तपासून बघत नाही. तेव्हा फलक लावणारे सगळे ढोंगी असतात असं नाही. त्यांतल्या काहींचा त्या वाक्यावर मनापासून विश्वास असतो, आणि तेच जास्त घातक ठरतं.

हे तुम्हालाही लागू आहे. ट्रेनी निवडताना मुलाखती तुम्हीच घेता, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे एका दारावर तुम्हीही उभ्या आहात. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या अभ्यासकांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज नुसती नावं बदलून पाठवले होते. २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला तर एक तृतीयांशच्या आसपास. त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका अभ्यासात अनेक कंपन्यांच्या एचआर प्रमुखांनी सांगितलं की उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' आम्ही आवर्जून विचारतो. 'वडील काय करतात' हा प्रश्न आपल्याकडे इतका सहज विचारला जातो की त्यात काही गैर आहे असं वाटतच नाही. तो विचारू नका. अर्ज चाळताना नाव आणि कॉलेज झाकून ठेवायला कोणाला तरी सांगा. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं. ड्रॉइंग वाचायला द्या, मायक्रोमीटर हातात द्या, माप घ्यायला लावा, आणि उत्तर मराठीत, हिंदीत, इंग्रजीत कसंही चालेल असं आधीच सांगा. एवढ्यानं भांडवलशाही बदलत नाही. पण कोपरगावच्या किंवा औशाच्या एखाद्या मुलाची वा मुलीची नोकरी ठरते.

आता निर्णयाचं बोलू. मालकांकडे वेळ मागा, उभ्या-उभ्या बोलू नका. अकरा वर्षांचं काम दोन पानांत लिहून न्या : रिजेक्शन कुठून कुठे आणलं, कोणत्या कस्टमरच्या तक्रारी बंद झाल्या, कोणती ऑडिट तुमच्या जोरावर पार पडली. जागेचा शब्द दिला होता, याची आठवण शांतपणे द्या. मग मागणी स्पष्ट ठेवा. मुलाला डायरेक्टर राहू दे, तो त्यांचा अधिकार आहे. पण क्वालिटी हेडचं पद आणि त्याला साजेसा पगार तुमचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खराब माल अडवण्याचा अधिकार लेखी हवा. लॉट थांबवायचा की पाठवायचा हे प्रॉडक्शनच्या दबावाखाली डायरेक्टर ठरवणार असेल, तर तुमचं पद नावापुरतं राहील आणि कस्टमरची बोलणी मात्र तुम्ही खाल. आणि नफ्यात वाटा मागा. वर्षाच्या नफ्याशी जोडलेला बोनस छोट्या कंपन्याही देऊ शकतात. 'तुम्ही घरच्याच' असं उत्तर आलं, तर नम्रपणे म्हणा की घरच्यांना वाटा असतो, मलाही द्या. आपल्याकडे या आपुलकीच्या शब्दानं फार माणसांचा फार पगार बुडवला आहे.

मुलाकडेही नीट बघा. तो शॉप फ्लोअरवर उतरतो का, समजलं नाही तर विचारतो का, चूक दाखवली तर राग धरतो का? शिकणारा असेल तर त्याच्याबरोबर चांगलं काम होऊ शकतं. त्याचा जन्म हा त्याचा गुन्हा नाही. तो ऐकणारा नसेल, तर मात्र पुढच्या अप्रेजलपलीकडे तिथे थांबू नका.

दरम्यान बाहेर मुलाखती द्या, जायचं नसलं तरी. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना सप्लायर क्वालिटी बघायला माणसं लागतात. सप्लायरच्या बाजूनं अकरा वर्षं काढलेल्या माणसाला तिथे चांगली किंमत येते, कारण लपवाछपवी कुठे होते हे त्याला ठाऊक असतं. पण 'प्रोफेशनल' कंपनीत गेलं की निखळ गुणवत्ता, अशी आशा धरू नका. तिथे मालकांचा मुलगा नसेल, तरी ओळखीचे रेफरल, सफाईदार इंग्रजी आणि साहेबांच्या मर्जीतली माणसं असतात. आयटीतल्या, बँकांतल्या, शिक्षण संस्थांतल्या कितीतरी वाचकांची पत्रं याच दुखण्याची असतात. त्यांनाही मी हेच सुचवते : कामाची नोंद स्वतः ठेवा, मागणी लेखी करा, आणि बढतीचे निकष काय आहेत हे वर्षाच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला विचारा.

नेमणूकपत्रात 'सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही' असं कलम असेल तर घाबरू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी सुटल्यानंतर उपजीविकेवर घातलेलं असं बंधन सहसा टिकत नाही. कस्टमरची ड्रॉइंग, किमती, प्रोसेसची कागदपत्रं मात्र बरोबर नेऊ नका, तिथे कायदा कंपनीच्या बाजूनं उभा राहतो. अकरा वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. नोटीस पिरियड पूर्ण करा आणि ती मागून घ्या.

कॅलिब्रेशन लॅबची कल्पना मला आवडली, पण घाई नको. तिथे तुमच्या कसबाची गाठ थेट भांडवलाशी पडणार आहे. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मान्यता मिळेपर्यंत मोठे कस्टमर दाखला मानणार नाहीत, आणि तोवर जागा, वातानुकूलन, मास्टर उपकरणं, पगार हा सगळा खर्च चालूच राहील. तारण नसेल तर बँकेत सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांसाठीच्या योजनेच्या हमीखालच्या कर्जाबद्दल विचारा, जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. वर्षभर पगार न घेता घर चालेल एवढी शिल्लक नसेल, तर आधी दोन वर्षं दुसरीकडे नोकरी करून ती जमवा. भागीदारीचा करार वकिलाकडून करून घ्या. त्यात दोघांच्या घरची मुलं, भाचे, जावई पुढे व्यवसायात आले तर कोणत्या पात्रतेवर येतील, त्यांची निवड कोण करेल, हे आजच लिहा. आता दोघांनाही कोणाची बाजू घ्यायची नाही, म्हणून आताच ते निर्मळपणे लिहिता येईल.

राहिली भाची. 'शिक, म्हणजे सगळं मिळेल' असं सांगू नका, ते खरं नाही आणि ती तुमचं बघतेच आहे. असं सांगा की शिक, म्हणजे तुझ्यापुढे दोन-तीन वाटा राहतील आणि नको तिथून उठून जाता येईल. तिला तुमची सगळी हकीकत सांगा, मालकांच्या मुलाचीही आणि तिच्या वडिलांनी सोडलेल्या शिक्षणाचीही. आणि एक कामाचं : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये घेतला. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ही माफी नाही. तिची सीईटी होण्याआधीच भावाला तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणि लागणारी बाकीची प्रमाणपत्रं काढून ठेवायला सांगा. प्रवेशाच्या दिवसांत तिथे फार गर्दी होते.